कुंपणापलीकडची टक्कर

पूर्वी एका माळावर गजा नावाचा एडका टकरीत अजिंक्य होता. एकदा दहा पावलांवरच्या कुंपणापलीकडून गोगलगाईने त्याला आव्हान दिलं.

"अजिंक्यवीर परमुलखात जात नसतो. तूच ये," गजा म्हणाला.

ती निघाली. आधी दिलेला शब्द मोडू नये म्हणून गजाने बाकीच्या टकरी नाकारल्या आणि तो वाट बघत बसला. पाच वर्षं गेली. त्याचे दात पडले, गुडघे धरले.

अखेर ती पोहोचली. गजा टक्कर द्यायला उठला आणि तोल जाऊन आडवाच झाला. पंच बोकडाने गोगलगाईला विजयी ठरवलं.

"पुन्हा एकदा लढू या," गजा कळवळून म्हणाला.

"अवश्य. पण आता अजिंक्य मी आहे. तुम्हालाच तिकडे यावं लागेल."

गजाने कुंपणाकडे पाहिलं. "फार लांब पडतं गं," तो म्हणाला.