उलांडीची होडी

“आणि ‘लॉपसायडेड’ला काय लिहिलंस?” मुकादम मास्तरांनी विचारलं.

अनंत तोडणकरांनी चष्मा सावरला. वीस वर्षं खपून केलेला त्यांचा इंग्रजी-मराठी कोश उद्या छापायला जायचा होता. मास्तरांनी एकदा ‘ठीक’ म्हणावं, एवढ्यासाठी ते मुंबईहून खाडीकाठच्या या गावी आले होते. शाळेत असताना मास्तरांनी तो शब्द कधी उच्चारलाच नव्हता.

“बेढब. एका अंगाला कललेलं. सदोष.”

“शब्द आला कुठून?”

“जहाजावरून, मास्तर. एका बाजूला भार जास्त झालेल्या जहाजाला खलाशी तसं म्हणत.”

“हं… सदोष म्हणालास.”

“कललेलं म्हणजे सदोषच की!” तोडणकरांचा आवाज चढला. एवढा मोठा विद्वान माणूस, चूक काढलेली खपायची कशी?

मास्तर उठले. दोघं धक्क्यावर आले. तिथे मास्तरांची जुनी होडी बांधलेली होती. अंगाने चिंचोळी, आणि एकाच बाजूला आडव्या काठ्यांना बांधलेली उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका.

तोडणकरांना भरून आलं. रविवारी याच होडीत पोरांना बसवून मास्तर शब्द पाठ करून घ्यायचे. वल्ह्यांच्या ठेक्यावर स्पेलिंगं! काय सुखाचे दिवस होते ते.

“यातला दोष काढून टाक बघू,” मास्तर म्हणाले.

तोडणकरांनी हसत हसत काठ्यांचे दोर सोडले. उलांडी बाजूला झाली. होडी आता दोन्ही अंगांनी अगदी सारखी दिसू लागली.

“बस आता.”

जन्म खाडीकाठचा, पण मुंबईच्या ग्रंथालयांत सगळं विसरून गेलेला माणूस. त्यांनी एक पाय ठेवला मात्र… होडी गर्रकन उलटली आणि कोशकार छातीभर पाण्यात!

नाकातोंडात खारं पाणी गेलं. लाज वाटली, आणि का कोण जाणे, फार बरंही वाटलं.

“मास्तर… मग अर्थ काय लिहू?”

एका हाताने धक्क्याचा खांब धरून मास्तर पार एका अंगाला झुकले आणि दुसरा हात त्यांनी खाली सोडला.

“धर. मी सरळ उभा राहिलो तर तू वर येशील कसा?”