पाणपोईवरचा प्रश्न

त्या दिवशी चैत्रातलं ऊन माळावर नुसतं साचून राहिलं होतं. वारा पडलेला. लिंबाची फुलं आपापली गळत होती आणि लांबचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. लिंबावरचा होला एकदा घुमायचा, मग गप्प बसायचा, जणू काय म्हणायचं होतं तेच विसरलाय.

“म्हणजे माझं चुकलं कुठं, आप्पा?”

मन्मथआप्पा पाणपोईच्या सावलीत बसले होते. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म पोरांना कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त झाल्यावर मठाच्या वळणावर छप्पर घातलं, रांजण मांडले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी घालत बसले.

विचारणारा वैजनाथ. आप्पांच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. प्रोग्रॅम लिहायला शिकला तो आप्पांच्याच ओसरीवर.

“चुकलं म्हणालं कोण?”

“रक्तपेढीवाले. सोमवारपर्यंत तुझा प्रोग्रॅम नीट कर म्हणतात, नाहीतर काढून टाकतो.”

आप्पांनी मांडीवर पडलेलं लिंबाचं फूल उचललं, बघितलं, परत मांडीवरच ठेवलं.

आदल्या दिवशी झालं होतं ते असं. रक्तपेढीच्या खिडकीशी एक म्हातारा आला. सून बाळंतपणात अडलेली. ओ निगेटिव्हची पिशवी आहे का, एवढंच त्यानं विचारलं. आतल्या बाईनं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं… फिरतच राहिलं. म्हातारा गज धरून त्या चक्राकडं बघत होता. शेवटी बाईच उठली आणि तिनं फ्रीज उघडला. पिशवी तिथंच होती. सून वाचली. पण वैजनाथ त्या वेळी तिथंच उभा होता, आणि म्हाताऱ्याचे डोळे काही त्याच्या मनातून जाईनात.

“सर्व्हर लहान पडतोय,” तो म्हणाला. “मोठा घ्या म्हणून सांगतो त्यांना.”

“हं.”

“लायब्ररी तर तुम्ही सांगितलेलीच घेतली. हलकी.”

“मग?”

“मग तिच्यावर माझं स्वतःचं लिहिलेलं चढवलं.” इथं त्याची मान जरा ताठ झाली.

ही हलकी लायब्ररी म्हणजे काय, तर डेटाबेस हे माहितीचं कोठार समजा. तिथं सगळं ओळीओळीनं लावून ठेवलेलं. प्रोग्रॅमचं काम ओळींवर भागत नाही, त्याला वस्तू लागते: ही पिशवी, हा रक्तदाता. मधे ही लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. प्रश्न, म्हणजे क्वेरी, तुम्ही लिहायचा. ती कोठारातून तेवढ्या ओळी आणते, त्यांची वस्तू करते आणि तुमच्या हातात ठेवते. पुढं तिचा काही आग्रह नाही.

“माझ्यात कुणाला क्वेरी लिहावीच लागत नाही, आप्पा. नुसतं पिशवी म्हणा. पिशवीमागं तिचा रक्तदाता येतो. त्याच्यामागं त्याचं शिबिर. शिबिरामागं गाव, गावामागं तिथले बाकीचे रक्तदाते… सगळं आपोआप. न मागता!”

“न मागता,” आप्पा म्हणाले.

“हां.”

…

होला परत घुमला. वैजनाथच्या घशाला कोरड पडली होती. एवढ्या उन्हातून गाडी मारत आला होता.

“आप्पा, पाणी आहे का?”

“आहे की.”

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. रांजणाचं झाकण काढलं आणि वैजनाथच्या मांडीवर ठेवलं. मग रांजणाभोवतीचं ओलं गोणपाट सोडून त्याच्या खांद्यावर टाकलं.

“हा रांजण उदगीरच्या शंकरचा,” ते सावकाश म्हणाले. “शंकरला दोन भाऊ. थोरला माती आणायचा. माती तळ्याची…”

“बरं.”

“तळ्याच्या काठाला त्याची सासुरवाडी.” आप्पा छपरामागं गेले. बराच वेळ काही आवाज नाही. मग विहिरीचा दोर ओढत आले, त्यामागं बादली. दोर त्याच्या पायाशी गोळा झाला. “हा दोर आणला तो धाकट्या मेव्हण्यानं. त्याची बायको निलंग्याची. तिच्या माहेरी…”

“आप्पा, पाणी मागितलं मी!”

“त्याचंच तर चाललंय.”

“अहो, जीव चालला माझा! निलंग्याची बाई काय करायची मला?”

आप्पा थांबले. दोराचं एक टोक त्यांच्या हातातच राहिलं.

ऊन हललं नाही. फुलं पडत राहिली, वैजनाथच्या मांडीवरच्या झाकणात, खांद्यावरच्या गोणपाटावर. त्याला वाटलं, आपण कधीपासूनचे असेच बसलोय, आणि कुणीतरी गजाआडून आपल्याकडं बघतंय.

“…आहे का, एवढंच विचारलं होतं म्हाताऱ्यानं,” तो पुटपुटला.

आप्पा खाली बसले. लांब दांड्याचं ओगराळं रांजणात बुडवलं आणि त्याच्या ओंजळीत धार धरली. तो प्यायला. परत प्यायला.

“काढून टाकतो, आप्पा. माझं सगळं काढतो. खालची ती हलकी तेवढी ठेवतो. प्रश्न आपला आपण लिहायचा.”

“हं.”

“आजच बसतो. सोमवारच्या आत होईल.”

“होईल की.”

तो उठला, पण गेला नाही. गोणपाटाची घडी घातली. मोडली. परत घातली.

“पण वर्ष घातलं ना मी त्यात… ते काढल्यावर त्यात माझं म्हणून काय राहिलं? लोकांना कळायचं तरी कसं, की हे वैजनाथनं केलं?”

आप्पा रस्त्याकडं बघत होते.

रस्त्याच्या हलत्या पाण्यात काहीतरी उभं राहिलं होतं. झाड वाटावं असं. मग ते चालायला लागलं. मग त्याला डोक्यावरचं गाठोडं आलं, पाय आले. कोण कुठली बाई, छपराशी येऊन थांबली आणि काही न बोलता तिनं ओंजळ पुढं केली.

आप्पांनी ओगराळं वैजनाथच्या हातात दिलं.

आणि भिंतीपलीकडून लहानपणापासून ज्या आवाजात त्याला हाक यायची, त्याच आवाजात हळू म्हणाले,

“पाणी घाल, वैजू. तिचं नाव विचारू नकोस… आपलं सांगू नकोस.”