राजा भद्रकेतूची चोरलेली तृप्ती

एका राज्यात, जिथे डोंगर वर्षातून एकदा कूस बदलत आणि पक्षी माणसांशी माणसांच्या बोलीत बोलत, भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता आणि जेवणाचा मोठा शौकीन होता. त्याच्या मुदपाकखान्याची मुख्य होती बयजाबाई. पस्तीस वर्षे तिने राजवाड्यातल्या चुली सांभाळल्या होत्या. चाळीस आचारी तिच्या हाताखाली होते. मीठ कमी पडले की नाही हे ती वाफेवरून सांगत असे.

एके दिवशी राजा शिकारीला गेला असता त्याच्या घोड्याचा खूर जमिनीत रुतला. खणून पाहिले तर खाली तळघर. तळघरात सापाच्या वेटोळ्यात एक सोन्याचे ताट होते. साप म्हणाला, "राजा, हे नेऊ नकोस. शापित आहे." राजा म्हणाला, "राज्यात जे सापडते ते राजाचे असते." साप बाजूला झाला. राजाने ताट उचलले आणि राजवाड्यात आणले.

त्या ताटाकडे पाहून जे मनात आणावे ते ताटात येई. शुभ्र मऊ भात, पाकात बुडालेल्या पुऱ्या, लोण्यासारखी तोंडात विरघळणारी पक्वान्ने. चावावे लागत नसे. गिळण्याआधीच घास घशाखाली उतरे. राजा पहिल्या दिवशी दोन प्रहर जेवला आणि उठताना म्हणाला, "आश्चर्य आहे. मला अजून भूक आहे."

दुसऱ्या दिवशी तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवला. तिसऱ्या दिवशी त्याने बयजाबाईला बोलावले.

"बयजाबाई, चुली विझवा. आता त्यांचे काम उरले नाही."

 बयजाबाईने चाळीस आचाऱ्यांना घरी पाठवले आणि चुलींवर पाणी शिंपडले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या थंड झाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते दुःखाचे कमी आणि रागाचे अधिक होते.

सहा महिने गेले. राजाचे शरीर इतके फुगले की सिंहासन काढून पलंग आणावा लागला. तरी तो म्हणे, "भूक." न्यायनिवाडे थांबले, कारण राजाचे तोंड कधी रिकामे नसे. मग एके दिवशी राजवैद्याने त्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारली. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. सगळा दरबार दचकला.

त्याच दिवशी सकाळी मुदपाकखान्याच्या खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. त्याची चोच पिवळी होती आणि मान म्हाताऱ्या पंडितासारखी हलत होती.

"बयजाबाई," धनेश म्हणाला, "राजाला भुकेचा रोग झालेला नाही. त्याची तृप्ती चोरीला गेली आहे."

"कोणी चोरली?"

"मायावी कृशांगाने. ते ताट त्याचेच. जो त्या ताटात जेवतो त्याची तृप्ती कृशांगाच्या डोंगरावर घटात जाऊन पडते. कृशांग त्या घटांना नाक लावून वास घेतो आणि त्यावरच जगतो. स्वतः कधी जेवत नाही."

"आणि राजाचे काय होणार?"

"सात दिवसांनी पौर्णिमा. त्या दिवशी सूर्य मावळला की राजाच्या आत फक्त पोकळी उरेल, आणि राजाचाच घट होईल."

बयजाबाईने विचारले, "डोंगर किती दूर?"

"तीन दिवसांची वाट."

"तीन जायला, तीन यायला. एक दिवस हाताशी राहतो. पुरेसा आहे," ती म्हणाली आणि कमरेला पदर खोचून कोठीघरात शिरली.

तिने एका पिशवीत ज्वारीचे पीठ घेतले, कोंड्यासकट, न चाळता. दुसरीत जवसाची चटणी आणि मीठ. मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी खांद्यावरच्या काठीला लटकवली. एक तवा पाठीला बांधला. वेशीवरच्या पहारेकऱ्याने विचारले, "बाई, मायाव्याकडे निघालात आणि तलवार नाही?" ती म्हणाली, "मला चालवता येते ते मी घेतले आहे."

धनेश पुढे उडत होता आणि बयजाबाई मागून चालत होती. वाटेत ओढ्याकाठी घोळूची कोवळी भाजी दिसली, ती तिने खुडून घेतली. एका मळ्यातून धन्याला विचारून चार मुळे घेतले. तिसऱ्या दिवशी ती डोंगराच्या पायथ्याशी पोहोचली तेव्हा फडक्यातल्या मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड आले होते.

डोंगराच्या कड्यावर कृशांग उभा होता. तो वाळलेल्या काटकीसारखा होता आणि त्याची सावली त्याच्याहून जाड होती.

"कशाला आलीस?"

"राजाची तृप्ती न्यायला."

"तीन कामे करावी लागतील. आजवर नव्याण्णव जण आले. कोणी परत गेले नाही."

"कामे सांग," बयजाबाई म्हणाली.

कृशांगाने खाली बोट दाखवले. डोंगराच्या दाराशी वखवख्या नावाचा राक्षस उभा होता. त्याच्यापुढे हाडांचे आणि फुटक्या हंड्यांचे ढीग पडले होते.

"पहिले काम. याचे पोट भर. याला एका राजपुत्राने शंभर गाड्या लाडू खाऊ घातले. लाडू संपले तेव्हा याने बैल खाल्ले. मग गाड्या खाल्ल्या. मग राजपुत्राकडे पाहिले."

वखवख्या गुरगुरला, "काय आणलेस? लवकर दे!"

"लवकर मिळणार नाही," बयजाबाईने तीन दगड मांडले. "भाकरी थापायला वेळ लागतो. बस."

राक्षसाला आजवर कोणी बस म्हटले नव्हते. तो गोंधळून बसला.

तिने मटकीची उसळ शिजवली, पण तिचा दाणा मोडू दिला नाही. घोळूची भाजी परतली. मुळे कापले नाहीत, तसेच ठेवले. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी राक्षसाने झडप घातली. बयजाबाईने उलथन्याने त्याच्या बोटांवर फटका मारला.

"माझ्या पंगतीत गिळायचे नाही. घास बत्तीस वेळा चावायचा. तुला दात किती आहेत?"

"चौसष्ट," राक्षस बोटे चोळत म्हणाला.

"मग चौसष्ट वेळा."

वखवख्याने पहिला घास चावला. ज्वारीचा कोंडा त्याच्या दातांत करकरला. मुळ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणले. मटकीचा एकेक दाणा फोडावा लागत होता. त्याचे जबडे दुखू लागले. दोनशे वर्षांत त्यांनी हे काम केले नव्हते. दोन भाकऱ्या झाल्या. तिसऱ्या भाकरीला तो सावकाश खाऊ लागला. चौथ्या भाकरीच्या मध्यावर तो थांबला आणि त्याने आपल्या पोटावर हात ठेवला.

"बाई, इथे काहीतरी बसले आहे."

"जेवण बसले आहे."

"उठवू नको," असे म्हणून राक्षस दाराशी आडवा झाला आणि ऊन अंगावर घेत घोरू लागला.

कड्यावर कृशांगाने ओठ चावला. "दुसरे काम. आतले दालन ओलांडून माझ्यापर्यंत ये. तिथले काही खायचे नाही. आणि नुसते खायचे नाही असे नव्हे. मनात हाव आली तरी पाय दगडाचे होतील."

बयजाबाईने दाराच्या फटीतून पाहिले. लांबच लांब दालन होते. दोन्ही बाजूंना सोन्याची हजार ताटे वाफाळत होती. मधोमध वाटेवर कितीतरी वीर दगड होऊन उभे होते. कोणाचा हात ताटाकडे वळलेला, कोणाचे डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले. मन मारून चालणारेच सगळ्यांत जास्त होते.

तिने दार लोटून घेतले, चुलीपाशी परत आली आणि उरलेल्या दोन भाकऱ्या पुढ्यात घेऊन जेवायला बसली.

"काय करतेस?" कृशांग ओरडला.

"जेवते. तीन दिवस चालले आहे."

तिने सावकाश, शेवटच्या मुळ्यापर्यंत जेवण केले. ओढ्याचे पाणी प्यायली. हात पुसले आणि मग दालनात शिरली. केशराचा वास आला. तुपाचा वास आला. एका ताटातल्या जिलब्यांनी तिला नावाने हाक मारली. बयजाबाई क्षणभर थांबली, कृशांगाने मान पुढे केली, आणि ती वाकून जिलब्यांकडे निरखून म्हणाली, "पाक कच्चा राहिला आहे." मग ती चालत पलीकडे गेली. तिचे पाय शेवटपर्यंत पायच राहिले.

पलीकडे भिंतभर फडताळे होती आणि त्यांत मातीचे घट होते. प्रत्येकाच्या तोंडाला मेण लावलेले. एका घटावर भद्रकेतूची राजमुद्रा होती.

"तिसरे काम," कृशांग म्हणाला, आणि आता तो हसला. "हा घट इथेच राहील. राजाने आपल्या हाताने ते ताट पालथे केले तर घट फुटेल. पण तू त्याला तसे सांगायचे नाहीस. सुचवायचे नाहीस, धाक घालायचा नाही, हात धरायचा नाही. ताट आपणहून पालथे करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

"बरे," बयजाबाई म्हणाली. "मला निघायला हवे."

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी ती राजवाड्यात पोहोचली. राजाच्या महालात चुकूनही कोणी जात नव्हते. भद्रकेतू पलंगावर पसरला होता. त्याची त्वचा मातीसारखी तांबूस दिसू लागली होती आणि श्वास घेताना गळ्यातून घागरीत वारा शिरल्यासारखा घूं घूं आवाज निघत होता. हात मात्र ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे चालूच होता.

बयजाबाईने महालाच्या दारातच चूल मांडली.

"ताट नेऊ देणार नाही," राजा म्हणाला.

"मी ताट मागितले नाही, महाराज. ते आपल्याजवळच राहू द्या. फक्त एक वेळ माझ्या हातचे जेवा. पुढे आपली मर्जी."

"तेवढ्यासाठी आलात?"

"तेवढ्यासाठीच."

 राजाने होकारार्थी मान हलवली. तिने भाकरी, उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी आणि काकडीच्या फोडी पुढे ठेवल्या. राजाने घास तोंडात घातला आणि चेहरा वाकडा केला.

"माती लागते."

"मातीतूनच आले आहे. चावा."

दुसरा घास. तिसरा. राजाच्या कपाळावर घाम आला. "जबडा दुखतो," तो म्हणाला. चौथ्या घासाला त्याला मीठ लागले. सहाव्याला जवसाचा खमंगपणा. पुढचा घास त्याने आपणहून मोठा घेतला.

तेव्हा ताटाने डाव मांडला. त्यात बासुंदी आली. तिच्यावर चारोळ्या तरंगल्या. मग बासुंदी सरली आणि पुरणपोळ्या आल्या, तुपाने चमकणाऱ्या. महाल वासाने भरून गेला. राजाचा हात भाकरीवरून उठला आणि ताटाकडे निघाला.

बयजाबाईला काही सुचवायची बंदी होती.  खिडकीतून ऊन तिरपे होत चालले होते. तिने तोंड मिटून पिठाचा गोळा घेतला आणि भाकरी थापू लागली. थप, थप, थप.

राजाच्या तोंडात अजून घास होता. तो चिवट होता आणि चावून होत नव्हता. घास गिळल्याशिवाय दुसरे काही तोंडात घालता येईना. राजा चावत राहिला. हात हवेत थांबला. त्याने घास गिळला, आणि हात तसाच राहिला.

"बयजाबाई," तो हळूच म्हणाला, "मला काहीतरी होते आहे."

"काय होते आहे, महाराज?"

"इथे, बरगड्यांच्या खाली, जड लागते. बरे वाटते." त्याने पुरणपोळीकडे पाहिले आणि त्याला नवल वाटले. "ही सुंदर दिसते आहे. पण मला नको आहे. बयजाबाई, मला खरोखरच नको आहे!"

तो हसू लागला. सहा महिन्यांत राजवाड्याने राजाचे हसणे ऐकले नव्हते. ताट पुन्हा पदार्थ बदलू लागले, एकामागून एक, एवढ्या घाईने की रसात रस मिसळून सगळा चिखल झाला. राजाने तो चिखल पाहिला, नाक मुरडले आणि दोन्ही हातांनी ताट पालथे करून टाकले.

सूर्य त्या वेळी क्षितिजावर एक वीतभर उरला होता.

ताटाचे सोने उतरले आणि खाली गंजका पत्रा राहिला. दूर डोंगरावर राजमुद्रेचा घट फुटला, त्याच्या धक्क्याने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि भिंतभर घट फुटत गेले. महालात भद्रकेतूने भला मोठा ढेकर दिला. दरबारी मंडळी पळत आली, वैद्याने पोटावर टिचकी मारली, आणि ते भरल्या माठासारखे मंद वाजले.

दगड झालेले दालनातले वीर पुन्हा माणसे झाले आणि आपापल्या घरी जेवायला गेले. वखवख्याने डोंगरपायथ्याशी ज्वारी पेरली. भद्रकेतूने दुसऱ्या दिवशी दरबार भरवला आणि सहा महिन्यांचे निवाडे सहा दिवसांत उरकले. शरीर उतरायला त्याला वर्ष लागले, पण त्या वर्षात तो एकही दिवस उपाशी राहिला नाही.

चुली पुन्हा पेटल्या, आचारी परतले, आणि आठव्या दिवशी मुदपाकखान्याच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला.  वास घेऊन जगायला आता त्याच्याजवळ कोणाची तृप्ती उरली नव्हती, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःची भूक लागली होती. बयजाबाईकडून ऐकलेल्या वर्णनावरून आचाऱ्यांनी कृशांगाला ओळखले आणि काठ्या उचलल्या.

बयजाबाईने त्यांना हाताने थांबवले. तिने कृशांगाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "पंगत बसते आहे."

कृशांगाने हात धुतले आणि तो शेवटच्या पाटावर जाऊन बसला. ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या पानात चवीचे पडो आणि पोटाला 'पुरे' वेळेवर कळो.