शेठचे डोळे बांधले तेव्हा

एकदा एका बाजारपेठेत रेवणशेठ नावाचा धान्याचा एक मातब्बर व्यापारी राहत होता. त्याच्या शब्दाला मोठा मान. तो ज्याला खपली म्हणेल तो गहू खपली. मग पेठेत दुसरं कुणी तोंड उघडत नसे.

एका वर्षी शेठला कडक ताप आला. जीव वाचला, पण उठून दुकानात बसला तो काहीतरी विपरीतच होऊन. बोलणं पूर्वीसारखंच खणखणीत. नजर इतकी तेज, की सुईत दोरा सहज ओवी. पण समोर गहू धरला की म्हणे, "जवस." तूर दाखवली की कपाळाला आठ्या घाली, "हे ते... आपलं ते नाही का..." आणि गप्प होई. गिऱ्हाईक कुजबुजू लागलं. धाकटा भाऊ सातलिंग कासावीस झाला. दुकानाचं नाव जाण्याआधी मोठ्या भावाला गादीवरून उठवून मागच्या खोलीत बसवावं, असं त्यानं मनाशी ठरवलं. तत्पूर्वी एकदा वैद्यांना विचारावं म्हणून त्यानं निरोप धाडला.

वृद्ध वैद्यांनी आधी आपल्या शिष्याला पाठवलं. शिष्य मोठा अभ्यासू. त्यानं मेंदूचं एक सुरेख चित्र काढलं होतं. दृष्टीची जागा निळी, वाणीची तांबडी, नावांची पिवळी. त्यानं शेठला दहा वस्तू दाखवल्या, दहाही चुकल्या, आणि तो तिथल्या तिथे म्हणाला, "नावांचं कोठार जळालं. आता ते भरणं नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला! ऐकणारा समोर बसला आहे, याचं भानच नाही.

शेठनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे माझं डोकं रिकामं झालं का हो?" त्यानं विचारलं.

हे सगळं ऐकून वैद्य स्वतः आले. त्यांनी शेठकडे पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याचे डोळे घट्ट बांधले.

शिष्य गडबडला. "गुरुजी, दिसत असून ज्याला सांगता येत नाही, त्याला डोळे बांधून काय सांगता येणार?"

"थांब जरा," म्हणून वैद्यांनी शेठचा हात धरून एका पोत्यात घातला.

शेठची बोटं दाण्यांतून फिरली. "खपली," तो म्हणाला. दुसरं पोतं ज्वारीचं. "शाळू." तिसरं. "हरभरा. पण ओलसर आहे रे सातलिंगा, ऊन दे, नाहीतर कीड लागेल." सारे चकित झाले. वैद्यांनी उपरणं सोडून तोच हरभरा शेठच्या डोळ्यांसमोर धरला. शेठ बराच वेळ पाहत राहिला आणि ओशाळून म्हणाला, "तीळ?"

"कळलं का?" वैद्य शिष्याला म्हणाले. "तुझं चित्र छान आहे बाबा, पण त्यात नुसत्या पेठा आहेत, रस्ते नाहीत. नावांची जागा शाबूत आहे. डोळ्यांकडून तिथं येणारी वाट तेवढी आजारात खचली. हाताकडची वाट धडधाकट आहे."

"मग त्या जागेचं काम नावं सांगणं, एवढं तरी खरं ना?"

"तेही अर्धंच. हा बाहेरचा चौक बघ. पाच गावचे रस्ते इथं मिळतात, म्हणून इथं धान्य विकतं, सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात, आणि नको त्या बातम्याही इथंच कळतात! हाच चौक उचलून डोंगरावर ठेव आणि एकच पायवाट जोड. कोण येईल? दुपारचा एखादा गुराखी टेकेल, बस्स. दगडमाती तीच, कामं मात्र गेली. मेंदूतल्या जागेचंही असंच आहे. ती हाताशी जोडली की दाणे ओळखते, स्मरणाशी जोडली की जुनी माणसं आठवते, जिभेशी जोडली की गप्पा रंगवते. जिला जितक्या वाटा, तितकी तिची कामं. एकटी कुठलीच जागा काही करत नाही. म्हणून ही जागा काय करते, हे विचारण्याआधी ती कोणाकोणाशी जोडलेली आहे, हे विचारावं."

शिष्यानं चित्र गुंडाळलं. तो शेठपुढे जाऊन बसला. "शेठ, मी चुकीचं बोललो. तुमचं डोकं रिकामं नाही, भरलेलं आहे." शेठच्या डोळ्यांना धारा लागल्या.

सातलिंगाला मात्र अजून खात्री वाटेना. शेवटी व्यापाऱ्याचंच रक्त! तो आत गेला आणि दोन पोत्यांतलं धान्य मुद्दाम एकत्र कालवून एक सूप भरून घेऊन आला. "आण्णा, डोळे मिटा. हे काय आहे, सांगा बरं."

शेठनं डोळे मिटून मूठ भरली. दाणे दोनदा बोटांत फिरवले, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "सातलिंगा! मुगात मटकी? बापाच्या दुकानात भेसळ करतोस? लाज कशी वाटत नाही तुला!"

आजारपणापासून मोठ्या भावानं त्याला एकदाही दटावलं नव्हतं. सातलिंग हसतोय की रडतोय, कुणाला कळेना. "चुकलो, आण्णा, पुन्हा नाही करणार," असं म्हणत त्यानं भावाचा हात धरला आणि त्याला गादीवर नेऊन बसवलं.