हळद लावलेली फळी

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

डोंगराच्या कुशीत एक गाव होते. दरवर्षी जत्रेला तिथे शेजारच्या गावाशी चेंडूफळीचा सामना होई. आदल्या दिवशी खेळणाऱ्यांच्या आया फळ्यांना हळद कालवलेले तेल चोळत, नवरदेवाला हळद लावावी तसे.

त्या गावात दोन भाऊ होते. थोरला खेळात पटाईत, पण डोके भारी तापट. एकदा सरावात तो पहिल्याच चेंडूला बाद झाला. रागाच्या भरात त्याने फळी दगडावर आपटली. मुठीच्या खाली केसाएवढी चीर गेली.

गावच्या फळ्या घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराला दाखवावी, असे त्याला क्षणभर वाटले. पण सुतार विचारणार, "कशावर आपटलीस रे?" मग गावभर हसे होणार. त्याने फळी तशीच घरी नेली.

सामन्याच्या आदल्या दिवशी आई तेल लावत असताना चिरेवर बोट ठेवून तो म्हणाला, "आई, इथं जरा जास्त चोळ."

"इथंच का रे?"

"इथं लाकूड कोरडं वाटतंय."

आईने चोळले. पिवळ्या रंगात चीर दिसेनाशी झाली.

सामन्यात थोरला फळीला जपत जपत खेळला आणि लवकरच बाद झाला. शेवटी धाकट्याची पाळी आली. गावाची सारी आशा आता त्याच्यावर होती.

"दादा, तुझी फळी दे ना! माझ्या फळीत काही दम नाही."

'नको' हा शब्द थोरल्याच्या ओठांवर आला. पण सारा गाव बघत होता. त्याने फळी दिली.

धाकट्याने जीव खाऊन फटका मारला. कडाड आवाज झाला. फळी दुभंगली आणि उडालेली ढलपी त्याच्या डोळ्यात घुसली.

लोक सुतारावर धावून गेले. "कुजकं लाकूड दिलंस, म्हाताऱ्या! पोराचा डोळा घेतलास! चालता हो गावातून!"

सुतार हात जोडून विनवत राहिला. थोरला मान खाली घालून उभा होता.

आई धाकट्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. फळीचा तुकडा तिच्या पुढ्यातच पडला होता. तिने तो उचलला. मोडलेली बाजू अर्धी पांढरीशुभ्र होती, आणि अर्धी पिवळी.

"हळद तर मी वरून लावली होती," ती हळूच म्हणाली. "ती आत कशी गेली?"

मग तिने थोरल्याकडे पाहिले. "इथंच जास्त चोळ म्हणाला होतास ना, बाळा?"

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. चीर आधीचीच होती आणि थोरल्याला ती ठाऊक होती, हे लोकांना कळले. त्यांनी सुताराला सोडले.

सुतार गावातच राहिला, पण त्याने पुन्हा कधी फळी घडवली नाही. धाकट्याचा डोळा गेला तो गेलाच. थोरला त्याच्या वाटचे कामही करू लागला. धाकटा त्याला कधी काहीच विचारत नसे, आणि तेच थोरल्याला सोसत नसे.

तात्पर्य : आपण झाकलेली चीर भरून येत नाही, ती दुसऱ्याच्या हातात उघडते आणि झाकणाऱ्याचे नाव सांगते.