म्यानाबाहेरची मांडौ

बोर्निओच्या एका नदीकाठी रेनियर नावाचा डच अंमलदार होता. तिथल्या दायाक लोकांच्या तलवारी जमवायचा त्याला भारी नाद. या तलवारीला तिथे मांडौ म्हणतात. मूठ हरणाच्या शिंगाची आणि मुठीला माणसाच्या केसांचे झुबके.

एकदा त्याच्याकडे न्यायाधीश पाहुणा आला. कुठली मांडौ कुठल्या गावची हे सांगायला साहेबाने उसुनला बोलावलं. उसुन दायाक मुखिया जालोंगची लेक. बाप नुकताच रानात मरून पडलेला सापडला होता, मारेकरी मात्र नाही. भिंतीवरच्या सगळ्या तलवारी म्यानात होत्या, शेवटची तेवढी उघडी. तिच्यापाशी उसुन थबकली.

"ही माझ्या बापाची."

"अर्थात," साहेब पाहुण्याकडे वळून म्हणाला, "जालोंग माझा जिवलग. त्याने स्वतः उपसून ही माझ्या हातात दिली."

"साहेब, आमच्यात भेटीची तलवार म्यानासकट देतात," उसुन म्हणाली. "उपसलेली मांडौ रक्त प्यायल्याशिवाय म्यानात परत जात नाही. बापाने ती तुमच्यापुढे उपसली असती, तर हे सांगायला तुमचं मुंडकं धडावर राहिलं नसतं. ती दुसऱ्याच कुणीतरी उपसली. बाप रानात सापडला तेव्हा म्यान त्याच्या कमरेलाच होतं, रिकामं."

साहेबाचा हात आपसूक मानेकडे गेला. न्यायाधीशाने हातातला पेला खाली ठेवला.

उसुनने तलवार भिंतीवरून काढली आणि तशीच उघडी धरून ती निघाली. दारावरच्या शिपायांनी न सांगता वाट दिली.