विश्वाचा पासंग

“मग विश्वास कुणावर ठेवायचा, बुवा? आकड्यांवर नाही, तर कुणावर?”

उल्हासराव चांदोरकरांचा आवाज चढला. मी गुळाचा व्यापारी, मठात शिधा पोचवायला गेलेलो. उतरवलेल्या पोत्यावरच टेकलो. असा तमाशा फुकट कुठं मिळतो हो?

केवलबुवा मठात येण्याआधी गणित शिकवायचे. उल्हासराव त्यांचे लाडके विद्यार्थी, आता आकाशाचे मोठे अभ्यासक. साऱ्या विश्वाचं गणित सुटलं, असं सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. छापायला देण्याआधी गुरूंचे चार शब्द हवे होते.

बुवा देत नव्हते.

“एक चूक दाखवा!”

“चूक नाही.”

“मग अडलंय कुठं?”

“आकाशगंगा फिरते, त्या वेगाला तिच्यातलं दिसणारं वजन पुरतं का रे?”

“नाही पुरत. म्हणून न दिसणारं काहीतरी आहे, असं धरतो आम्ही. दिसतं त्याच्या कितीतरी पट.”

“काय आहे ते?”

“अजून कळलेलं नाही. पण ते धरलं की गणित जुळतं.”

“पुस्तकात कुठं आहे हे?”

“… वाचक गोंधळतो, बुवा. त्याला ठाम बोलणं लागतं.”

बुवा उठले. कोठीतून जुना तराजू घेऊन आले. एका पारड्याला लाल दोऱ्यानं खडा बांधलेला. त्यांनी दोरा सोडला. ते पारडं रिकामंच वर गेलं, दुसरं खाली बसलं.

“शेठ, या खड्याला काय म्हणता?”

“पासंग,” मी म्हणालो. “तराजूतच खोट असते, तेवढा खडा हलक्या बाजूला बांधायचा. गिऱ्हाइकाला दिसेल असा.”

“आणि लपवला तर?”

“भर बाजारात जोडे!”

उल्हासराव ताडकन उठले. “मी काय मापात मारणारा दुकानदार आहे?”

आता मात्र माझंही डोकं फिरलं. “साहेब, दुकानदाराला मध्ये आणू नका. आमचा खडा टांगलेला असतो. तुमचा कुठं आहे?”

“बुवा, याला गप्प करा! ते धरल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे!”

“मग धर की! नको कोण म्हणतंय?” बुवांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “मापता येईल तिथवर माप. पण जे मापलं नाहीस ते झाकतोस, आणि वर विश्व सुटलं म्हणतोस? पोरं डोळे मिटून तुझं वाचतात रे!”

…

उल्हासरावांनी हस्तलिखित पुढं सरकवलं.

“चार शब्द देताय की नाही?”

बुवांनी खडा उचलला. पहिल्या पानावर, विश्व सुटलं असं लिहिलं होतं त्याच ओळीवर ठेवला.

“हा इथं राहू दे, सगळ्यांना दिसेल असा. एवढंच मागतो, उल्हास… हिशेब खरा ठेव.”